कार्त-द-व्हिझीत: आधी पाठ बघा

पाठपुरावा
रविवार, रात्री 9:40

आमच्या घरापासून अर्ध्या तासावर ॲडम्सटाऊन आहे, पेन्सिल्व्हेनियातलं. रविवारी तिथे जुन्यापान्याचा बाजार भरतो. बायको कपबश्या बघते, मी खोकी उपसतो. आज एका खोक्याच्या तळाशी चामडी बांधणीचा अल्बम मिळाला. उंचीला वीतभरसुद्धा नाही, पण जाडी विटेएवढी. पानांच्या कडा सोनेरी, दोन पितळी कड्या, त्यातली एक मोडलेली. 40 खिडक्या, 27 भरलेल्या. विकणारा म्हणाला, "यातलं कोण कोणाचं, कोणालाच ठाऊक नाही. 120 दे." दिले.

इथे या विषयावर धागा दिसला नाही, म्हणून काढतोय.

या चिमुकल्या फोटोंना कार्त-द-व्हिझीत म्हणतात. जमवणारे नुसतं सीडीव्ही म्हणतात. नाव भेटकार्डाचं आणि मापही साधारण तेच: अडीच बाय चार इंचांचा पुठ्ठा, त्यावर किंचित लहान फोटो डकवलेला. पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोवाल्यानं 1854 मध्ये याचं पेटंट घेतलं. त्याआधीचा डागेरोटाइप म्हणजे चांदीचा थर दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचा एकुलता एक फोटो. हवी असली तरी दुसरी प्रत निघत नसे. दिस्देरीनं अनेक भिंगांच्या कॅमेऱ्यातून एकाच काचेवर आठ फोटो घेतले. ती काच कागदावर ठेवून उन्हात छापली, कागद कापला, तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवले. एका बैठकीत आठ, आणि काच जपून ठेवली तर पुढे हवे तितके.

अमेरिकेत हे 1859 मध्ये न्यूयॉर्कला उतरलं आणि दोन वर्षांत उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटलं. फोटोवाल्यांची चांदी झाली. उत्तरेच्या साध्या शिपायाला तेव्हा महिना 13 डॉलर पगार होता आणि डझनभर कार्डं दोन-तीन डॉलरमध्ये निघत. नवा गणवेश चढवायचा, फोटो काढायचा, एक आईला, एक हिला, उरलेले पलटणीतल्या सोबत्यांना. पुष्कळांचा तो शेवटचाच फोटो ठरला.

मला खरी गंमत वाटते ती मापाची. सगळी कार्डं एकाच मापाची म्हणून अल्बम शक्य झाला. खिडकीत आजी बसते तसा लिंकनही बसतो. प्रसिद्ध माणसांची कार्डं दुकानात साधारण 25 सेंटला एक मिळायची. माझ्या अल्बममध्ये पहिल्या खिडकीत लिंकन, दुसऱ्या खिडकीत उत्तरेचा जनरल मॅक्लेलन, तिसरीत टॉम थम्ब आणि त्याची बायको. चौथ्या खिडकीपासून घरची मंडळी. आपल्याकडे भिंतीवर आधी देवांच्या तसबिरी, मग टिळक-गांधी आणि मग आजोबा, तसलाच क्रम.

पण मी चेहऱ्यांपेक्षा पाठी जास्त बघतो. मिळालेलं कार्ड आधी उलटं करायचं. लिंकनच्या मागे छापलंय: ब्रॅडी (तेव्हाचा नावाजलेला फोटोवाला) याच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतल्या निगेटिव्हवरून, प्रकाशक ई. अँड एच. टी. अँथनी, 501 ब्रॉडवे. म्हणजे फोटो एकाच्या गॅलरीतला आणि विक्री दुसऱ्याची. आणि ब्रॅडीच्या नावावरचे कितीतरी फोटो त्यानं स्वतः नाही, त्याच्या पदरी असलेल्यांनी काढलेले. वॉशिंग्टनची त्याची गॅलरी अलेक्झांडर गार्डनर सांभाळायचा.

सहा कार्डांच्या मागे रेव्हेन्यू स्टँप आहेत! त्याबद्दल उद्या लिहितो, झोप आली.

शिळीभाकरी
रविवार, रात्री 10:05

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). आणि स्टँपवर आणून धागा तोडणं हा गुन्हा आहे.

अडाणी_अभियंता
रविवार, रात्री 10:31

आयडी 'पाठपुरावा' आणि छंद पाठी बघण्याचा. ठरवून घेतलाय का?

एक शंका. काचेवर आठ फोटो म्हणजे आठही एकसारखे?

पाठपुरावा
सोमवार, सकाळी 7:15

आयडी जुना आहे हो, छंद नंतर लागला.

आठही सारखेच असतील असं नाही. भिंगं वेगवेगळी उघडता यायची आणि काचेची चौकट सरकवता यायची. चार एका बैठकीतले, चार दुसऱ्या, असंही करत. एक उभा, एक बसलेला. कागदाला अंड्याचा पांढरा बलक लावून वाळवायचे आणि मग सिल्व्हर नायट्रेटवर तरंगवायचे. त्या बलकामुळेच तुकतुकी येते आणि त्यामुळेच हे फोटो आता पिवळे पडलेत.

आता स्टँप. युद्धाचा खर्च भागवायला सरकारनं 1864 मध्ये फोटोंवरही कर बसवला. 1 सप्टेंबर 1864 पासून 1 ऑगस्ट 1866 पर्यंत. फोटो 25 सेंटपर्यंतचा असेल तर 2 सेंटचा स्टँप, 50 पर्यंत 3 सेंटचा, डॉलरपर्यंत 5 सेंटचा. तो मागे चिकटवायचा आणि फोटोवाल्यानं त्यावर शाईनं आद्याक्षरं नि तारीख टाकून रद्द करायचा. सगळ्या स्टँपांवर वॉशिंग्टनचंच तोंड. गंमत म्हणजे फोटोसाठी वेगळा स्टँप काढलाच नाही. पत्त्यांच्या जोडासाठी काढलेला, बँकेच्या चेकसाठी काढलेला, हाताला लागेल तो लावत. माझ्याकडे एका शांत चेहऱ्याच्या म्हातारीच्या पाठीवर पत्त्यांच्या जोडाचा निळा 2 सेंटचा आहे. बाई कडक प्रोटेस्टंट असणार, पत्त्यांना न शिवणारी, तिला कळलं असतं तर!

जमवणाऱ्यांना मात्र या कराचा फायदा झाला. स्टँप असला की कार्ड त्या तेवीस महिन्यांतलं, वाद संपला. स्टँप नसेल तर पुठ्ठा बघायचा. पातळ आणि चौकोनी कोपऱ्याचा असेल तर बहुधा 1860 च्या दशकातला. 1870 नंतर पुठ्ठा जाड होत जातो आणि कोपरे गोल.

कोरांटी
सोमवार, दुपारी 1:20

टॉम थम्बबद्दल थोडी भर. तो बार्नम या खेळ-तमाशेवाल्याकडचा बुटका कलाकार. न्यूयॉर्कच्या ग्रेस चर्चमध्ये 10 फेब्रुवारी 1863 ला त्याचं लाव्हिनिया वॉरनशी लग्न लागलं. युद्ध ऐन भरात आणि वर्तमानपत्रांत या लग्नाची वर्णनं. नंतर या जोडप्याची बाळाला घेतलेली कार्डंही खपली. बाळ त्यांचं नव्हतंच. बार्नमनं उसनं आणलं होतं.

पाठपुरावा, तुमच्याकडे बाळवालं कार्ड आहे का बिनबाळाचं?

पाठपुरावा
सोमवार, संध्याकाळी 6:02

बिनबाळाचं. पण आता मला बाळवालं हवंय.

बटाटेभात
सोमवार, रात्री 8:45

थोडा बेसूर लावतो, राग मानू नका. मेलेल्या परक्यांचे फोटो 120 डॉलरला घेऊन करायचं काय? लिंकन ठीक आहे, इतिहास आहे. बाकी म्हातारी आणि तिचा निळा स्टँप कोणाला हवाय? हे म्हणजे दुसऱ्याच्या लग्नाचा अल्बम विकत घेणं.

नदीकाठची
सोमवार, रात्री 11:10

बटाटेभात, तुमचं म्हणणं पटलं नाही तरी प्रश्न चुकीचा नाही. मी एका ग्रंथालयात जुने कागद दुरुस्त करण्याचं काम करते. आमच्याकडे अशी कार्डं येतात तेव्हा बहुतेकांची नावं नसतात. त्यातली काही कार्डं मात्र मुळातच परक्यांनी विकत घ्यावीत म्हणून काढलेली होती, आणि तसं पाठीवर छापलेलं असायचं. दोन सांगते.

गेटिसबर्गच्या लढाईनंतर, जुलै 1863 मध्ये, एक शिपाई मेलेला सापडला. नाव-गाव लावायला काही नाही, हातात फक्त तीन मुलांचा काचेवरचा फोटो. फिलाडेल्फियाच्या बॉर्न्स नावाच्या डॉक्टरकडे तो फोटो आला. तेव्हा वर्तमानपत्रात फोटो छापता येत नसे. म्हणून 19 ऑक्टोबरच्या 'फिलाडेल्फिया इन्क्वायरर'मध्ये त्याचं नुसतं शब्दांत वर्णन आलं: मुलं कशी बसलीत, कोणाच्या अंगात काय आहे. ते वर्णन दुसऱ्या पत्रांनी उचललं आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल गावात एका बाईनं वाचलं. तिनं नवऱ्याला असा फोटो पाठवला होता. डॉक्टरनं त्या फोटोवरून कार्ड करवून घेतलं होतं, ते तिला पाठवलं. ते उघडलं तेव्हा तिला कळलं की ती विधवा आहे. सार्जंट एमॉस ह्युमिस्टन, 154 वी न्यूयॉर्क पलटण. मुलं फ्रँक, ॲलिस, फ्रेड.

मग त्या तीन मुलांची कार्डं हजारो घरांत गेली. पाठीवर मजकूर: सार्जंट ह्युमिस्टनच्या हातात सापडलेल्या फोटोची ही प्रत, विक्रीचे पैसे शिपायांच्या अनाथ मुलांच्या आश्रमासाठी. 1866 मध्ये गेटिसबर्गला आश्रम निघाला. ह्युमिस्टनची बायको तिथे कामाला राहिली, मुलंही तिथेच राहिली. पुढे त्या आश्रमात मुलांचे हाल झाले, बभ्रा झाला आणि 1877 मध्ये तो बंद पडला. कार्डाच्या पाठीवर अर्थात एवढं मावलेलं नाही.

दुसरी सोजर्नर ट्रूथ. न्यूयॉर्क राज्यात गुलाम म्हणून जन्मलेली, मातृभाषा डच, लिहिता-वाचता येत नसे, पण व्याख्यानांना गर्दी व्हायची. ती स्वतःची कार्डं सभेत विकायची. पांढरी शाल, डोक्याला टोपी, हातात विणकाम, बाजूला टेबलावर पुस्तक. खाली एक ओळ छापलेली. मी ती मराठीत अशी करते: 'मी छाया विकते, काया जगवण्यासाठी.' तेव्हा फोटोला तिकडे सर्रास छायाच म्हणत, आपण छायाचित्र म्हणतो तसं. आणि पाठीवर काय? 1864 चा कॉपीराइट, मिशिगनच्या पूर्व जिल्ह्याच्या कोर्टात, तिच्या स्वतःच्या नावावर. जी बाई एकेकाळी स्वतः दुसऱ्याच्या मालकीची होती तिनं स्वतःच्या चेहऱ्यावरची मालकी नोंदवून घेतली.

शिळीभाकरी
सोमवार, रात्री 11:32

छाया-काया वाचून थांबलो. वाचनखूण साठवली.

बटाटेभात
मंगळवार, सकाळी 8:20

नदीकाठची ताई, माघार. पण निळा स्टँप मला अजूनही नकोय.

मिरजमळा
मंगळवार, सकाळी 10:04

पाठीचा विषय निघालाच आहे तर एका कार्डाचा उल्लेख व्हायला हवा. त्यात पाठच समोर आहे. लुइझियानात बॅटन रूजला, एप्रिल 1863. मळ्यावरून पळून उत्तरेच्या छावणीत पोचलेला एक गुलाम, नाव कुठे गॉर्डन कुठे पीटर. मॅकफर्सन आणि ऑलिव्हर या फोटोवाल्यांनी त्याला उघड्या अंगानं, पाठ कॅमेऱ्याकडे करून बसवलं. चाबकाच्या वळांचं नुसतं जाळं. 'हार्पर्स वीकली'नं 4 जुलैच्या अंकात त्यावरून कोरीव चित्र छापलं. पण लोकांच्या हातोहात फिरलं ते कार्ड. गुलामांना काही जाच नाही असं छातीठोक सांगणाऱ्यांसमोर नुसतं हे कार्ड टेबलावर ठेवायचं.

मी ते एका प्रदर्शनात काचेखाली बघितलं. अंगठ्यापेक्षा थोडी मोठी पाठ. वाकून बघावं लागतं.

नदीकाठची
मंगळवार, सकाळी 10:50

हो. आणि त्याच वर्षी गुलामीतून सुटका झालेल्या न्यू ऑर्लिन्सच्या मुलांची कार्डंही निघाली, शाळांना पैसे हवे म्हणून. त्यात गोऱ्या दिसणाऱ्या मुलांची कार्डं मुद्दाम पुढे केली. उत्तरेतल्या गोऱ्यांना आपल्या मुलांची आठवण यावी म्हणून. हेतू चांगला, हिशोब अस्वस्थ करणारा.

अडाणी_अभियंता
मंगळवार, दुपारी 2:15

जरा हलकं करतो. लिंकनच्या मारेकऱ्याचा, बूथचा, कार्डांशी चांगलाच संबंध आहे. बूथ देखणा नट, त्याची कार्डं आधीपासूनच बाजारात. 14 एप्रिल 1865 ला लिंकनवर गोळी झाडली, दुसऱ्या दिवशी सकाळी लिंकन गेला, आणि मग बूथच्या कार्डांना भलतीच मागणी आली. इतकी की बाल्टिमोरला लष्करी अधिकाऱ्यानं विक्रीवर बंदी घातली. काही आठवड्यांत उठवली. पकडण्यासाठी जी जाहिरात लावली, एक लाख डॉलर इनामाची, तिच्या काही प्रतींवर बूथ आणि त्याच्या दोन साथीदारांची खरीखुरी कार्डं डकवली होती.

आणि 26 एप्रिलला बूथ मारला गेला तेव्हा त्याच्या खिशातल्या डायरीत पाच बायकांची कार्डं! चार नट्या आणि पाचवी एका सिनेटरची मुलगी, जिच्याशी त्याचं लग्न ठरलं होतं म्हणतात.

कोरांटी
मंगळवार, दुपारी 2:40

याला हलकं करणं म्हणतात?

मिरजमळा
मंगळवार, रात्री 9:12

लिंकन गेल्यावर तर काहीही विकलं गेलं. ढगांत वॉशिंग्टन लिंकनला मिठी मारतोय आणि डोक्यावर हार धरतोय, असं कार्ड घरोघरी होतं. आपल्या कॅलेंडरवाल्यांना शोभेल असं. आणि दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस बायकोची शाल पांघरलेला पकडला गेल्याची बातमी येताच त्याला घागरा घातलेली कार्डं निघाली. डोकं फोटोतलं, धड चितारलेलं. फोटोशॉप तेव्हाही होतं.

मम्लर नावाचा बॉस्टनचा फोटोवाला तर तुमच्यामागे तुमचं मेलेलं माणूस उभं करून द्यायचा. 1869 मध्ये न्यूयॉर्कला खटला झाला. बार्नम त्याच्याविरुद्ध साक्षीला आला! उसन्या बाळाचा बार्नम, दुसऱ्याच्या लबाडीविरुद्ध. मम्लर पुराव्याअभावी सुटला, आणि पुढे लिंकनची विधवा त्याच्याकडे गेली. तिच्या खांद्यावर लिंकनचे धूसर हात असलेला फोटो आजही बघायला मिळतो.

पाठपुरावा
मंगळवार, रात्री 10:30

धाग्याचं सोनं केलंत. आता माझी फजिती.

दोन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून लिंकनचं एक कार्ड 90 डॉलरला घेतलं होतं. पुठ्ठा पिवळा, कोपरे झिजलेले, मागे शिक्का. खूश होतो. मग भिंग घेतलं. दहापट भिंगाखाली अंड्याच्या बलकाच्या फोटोत कागदाचे तंतू दिसतात, छटा सलग असतात, कुठेकुठे बारीक भेगा दिसतात. माझ्या लिंकनच्या गालावर ठिपके होते. वर्तमानपत्रात असतात तसे, रांगेनं. म्हणजे छापखान्यातून निघालेली खूप नंतरची नक्कल, चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारी केलेली. तेव्हापासून भिंग खिशात असतं. नव्यानं जमवणाऱ्यांनी आधी शंभर रुपयांचं भिंग घ्यावं, मग लिंकन.

सोनटक्का_फिली
बुधवार, सकाळी 9:25

फिलाडेल्फियाहून. आनंदीबाई जोशींचा तो प्रसिद्ध फोटो, ऑक्टोबर 1885 चा, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली यांच्यासोबतचा, तिघी आपापल्या देशाच्या वेषात, तो याच प्रकारातला का?

पाठपुरावा
बुधवार, दुपारी 12:10

नाही, तोवर सीडीव्हीची सद्दी संपली होती. 1866 पासून इथे कॅबिनेट कार्ड आलं, सव्वाचार बाय साडेसहा इंचांचं. ते अल्बमच्या छोट्या खिडकीत मावत नाही, टेबलावर उभं करून ठेवायचं. चेहरा मोठा दिसायला लागल्यावर छोटी कार्डं कोण घेणार? 1885 म्हणजे कॅबिनेटचा भर. त्या विशिष्ट फोटोचं माप मी बघितलेलं नाही, तेव्हा पैज लावत नाही.

आता माझी अडचण. अठराव्या खिडकीत मिशाळ गृहस्थ आहेत. त्यांच्या बुटांमागे मान धरून ठेवणाऱ्या लोखंडी स्टँडचा पाय दिसतोय, म्हणजे बराच वेळ हलू न देता उभं केलेलं. कार्ड निघत नाहीये. ओढलं तर खिडकीचा कागद फाटेल.

नदीकाठची
बुधवार, दुपारी 12:48

ओढू नका! खिडकीच्या खालच्या कडेला फट असते, कार्ड तिथूनच आत गेलंय आणि तिथूनच येईल. मायलारची (पारदर्शक प्लास्टिकची) पातळ पट्टी कापा, कोपरे गोल करा, फटीतून कार्डाच्या मागून हळू वर सरकवा. चिकटलेलं सुटलं की पट्टीसकट खाली घ्या. हात कोरडे ठेवा, पाणी-वाफ अजिबात नको, बलक लगेच चिकट होतो. नाहीच निघालं तर राहू द्या. दीडशे वर्षं बसलेत, अजून बसतील.

पाठपुरावा
शनिवार, रात्री 8:20

निघाले! पाऊण तास लागला. स्टँप नाही, फोटोवाल्याचा शिक्का नाही. पेन्सिलीनं एकच शब्द: 'अंकल'.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तिनं चष्मा लावला, नीट बघितलं आणि विचारलं, "काका का मामा?" म्हटलं, आई, यांच्याकडे तसं काही नसतं. ती म्हणाली, "म्हणजे लिहून ठेवलं तरी कळत नाही ना कोण ते."

शिळीभाकरी
शनिवार, रात्री 8:41

मिशा बघता मामा.

कोरांटी
शनिवार, रात्री 8:55

मावशीचे यजमान. मामा असता तर पहिल्या दहा खिडक्यांत असता.

बटाटेभात
शनिवार, रात्री 9:30

पाठपुरावा, ती म्हातारी विकायची असेल तर कळवा. स्टँपसकट.